बसायची तयारी

लातूर
२४ नोव्हेंबर १९८२

शेषेराव,

शरणार्थ. खुशाली विचारत नाही. तू ती कधी नीट कळवत नाहीस.

पाडव्याला दुकानाच्या गादीवर वीरण्णाला बसवलं आणि मी उठलो. गोलाईच्या बाजारातल्या त्या गादीवर उभा जन्म गेला. म्हणजे बसून गेला. आता पोरगा म्हणतो, अप्पा, श्रीशैलला जाऊन या. शांता म्हणते, कुठं जाऊ नका, ओसरीवर बसा. सगळे मला पुन्हा कुठंतरी बसवायलाच टपलेत.

मला एक जुनी जीप पाहिजे.

हसून घे. मग पुढं वाच.

मांजरा या वर्षी दसऱ्यालाच आटली. पुलावरून पाहिलं तर खाली नुसती वाळू, पार वळणापर्यंत. आपण निलंग्याच्या बोर्डिंगात होतो तेव्हा अशीच आटली होती. सुट्टीत तू आमच्या शेतावर आला होतास आणि तिथून आपण पात्रातून चालत निघालो होतो. नदी गोदावरीला मिळते तिथवर जायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी चप्पल तुटली. काळ्या खडकावर बसलो, मुरमुरे संपवले आणि परत फिरलो. चप्पल तुझी होती हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ते राहिलेलं आहे. ही नदी इथून पुढं जाते, बिदरकडं वळते, मेदकचा फेरा घेते आणि परत वर येऊन तुझ्या देगलूर-बिलोलीच्या अंगाला लागते. माझ्या दारची नदी तुझ्याकडंच येते. तेव्हा सगळं निजामाचं एकच राज्य होतं, आता तीन आहेत. वाळूला ते ठाऊक नाही.

चालणं आता होणार नाही. तू वीस वर्षं देगलूर-धर्माबाद रस्त्यावर पॅसेंजर जीप चालवलीस. तुझ्याइतकं मला दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही. नवी परवडत नाही आणि वीरण्णापुढं हात पसरायचा नाही. माझ्या हाताशी थोडं आहे, तेवढ्यात बसेल अशी बघ. चारही चाकं ओढणारी हवी. डावीकडच्या सीटची पाठ उंच हवी. गाडी तू चालवायचीस.

आमचा जिल्हा झाला ते वाचलं असशील. कलेक्टर आला, पाट्या रंगल्या. पाणी आलं नाही.

पावसाच्या आत जायचं आहे.

गुरुपादप्पा


ता. देगलूर
१२ डिसेंबर १९८२

गुरप्पा,

रामराम. हसून घेतलं. सूनबाईला वाचून दाखवलं तर तिला हसू आलं नाही. महानंदा म्हणाली, तुमच्या दोस्ताला म्हणावं वाळूत फिरायची हौस असेल तर इकडं या, एक घागर देते.

चप्पल तुझी होती.

जीपचं ऐक. जुनी गाडी घेताना इंजिन बघणारा फसतो. इंजिन उघडून बांधता येतं. आधी चासी बघावी, मग स्प्रिंगचे पाटे, मग पुढची चाकं जोडायचा दांडा. आमचे पॅसेंजरवाले तो दांडा काढूनच टाकतात, आणि विकताना म्हणतात, चारही चाकं ओढतात, बैलासारखी. ओढतात, पण बैल लावल्यावर. लष्करातून निघालेल्या गाड्या मजबूत असतात, पण पेट्रोल पितात. तुझं जे थोडं आहे ते पंपावरच संपेल. डिझेलचं इंजिन बसवलेली मिळाली तर चांगली, पण बसवणारा कोण होता ते बघावं लागतं.

एक बघून आलो. धर्माबादच्या मिरचीवाल्याची. बाहेरून झकास. आत बसलो आणि शिंकायला लागलो. दहा वर्षं तिच्यातून मिरचीची पोती गेलीत, सीट झटकली तरी मिरची, हूड झटकला तरी मिरची. मालक म्हणाला, सवय होते. मी म्हणालो, माझ्या दोस्ताला गादीची सवय आहे, मिरचीची नाही. पुढचा दांडा नुसता शोभेला होता. सोडून दिली.

उंच पाठ कशाला? जीप आहे ती, सिंहासन नव्हे.

शेषेराव


लातूर
९ जानेवारी १९८३

शेषेराव,

उत्तराला उशीर झाला. सोलापूरला गेलो होतो, कामासाठी. काम लांबलं. अक्षर वाकडं दिसेल. उशीवर कागद ठेवून लिहितो आहे. थंडी आहे, अंथरुणातून उठवत नाही.

मिरचीवाली सोडलीस ते बरं केलंस. पण सोडायच्या किती आणि घ्यायची केव्हा? दुसरी बघ.

पाठीचं विचारलंस. आमच्यात माणूस गेल्यावर आडवा नेत नाहीत, बसवून नेतात. तुला सांगायला नको. माझ्या आईच्या वेळी विमानाला तू खांदा दिला होतास. तिची मान एका बाजूला कलत होती आणि तू मागून हात लावून चालत होतास, ते मला दिसतं. तर शेवटी बसून जाणं आहेच. त्याआधी एकदा स्वतःच्या मर्जीनं बसून जायचं आहे. मान टेकायला पाठ पाहिजे. सिंहासन म्हण हवं तर.

आणखी दोन गोष्टी. मागच्या बाजूला माणसाला आडवं होता येतं का? आणि पाट्यांचे दणके कमी करता येतात का?

गोलाईत माल नाही. हमाल सावलीत पत्ते खेळत बसतात. रोज कुणीतरी आभाळाकडं बघून हात जोडतं. मीही जोडतो, पण काय मागतो ते सांगत नाही. यंदा तरी वेळेवर ये, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, जरा थांब. एवढं होऊ दे.

हे शांताला सांगितलं नाही. तुला सांगतो.

गुरुपादप्पा


ता. देगलूर
३० जानेवारी १९८३

गुरप्पा,

रामराम. तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुला जीप नको, पालखी पाहिजे. उंच पाठ, मऊ पाटे, मागं झोपायची सोय. पाय चेपायला माणूसही बघू का? सोलापूरला काम काय काढलंस? चादरीचा धंदा सुरू करणार असशील तर दोन इकडं पाठव.

आणखी दोन गाड्या बघितल्या. एक सिकंदराबादच्या लिलावातली, हिरवी, बॉनेटवर पांढरा तारा, ताऱ्याखाली तेलुगूत कुणाचं तरी नाव. इंजिन गार असतानाही एका हॅंडलला उठली. पुढची चाकं जोडली, नाल्यात उतरवली, वर काढली. मला आवडली होती. मग खाली शिरून बघितलं तर चासी वाकलेली. कधीतरी पालथी झालेली असणार. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते. दुसरी बिलोलीची, तिचा गिअरबॉक्स इतका ओरडतो की तुझं-माझं बोलणंच व्हायचं नाही.

तेव्हा थांब. घाईत घेतलेली जुनी गाडी आणि घाईत केलेली सोयरीक, दोन्ही रस्त्यात उतरवतात.

पोरगा हमीच्या कामावर खडी फोडून राहिला. विहिरीच्या तळाला बेडूकही नाही.

शेषेराव


लातूर
२१ फेब्रुवारी १९८३

शेषेराव,

परवा वीरण्णानं मला रिक्षात घालून दुकानात नेलं. गादीच्या कडेला टेकून बसलो होतो. समोर एक जीप येऊन थांबली. हिरवी, बॉनेटवर पांढरा तारा, ताऱ्याखाली तेलुगूत नाव. टँकरच्या कंत्राटदारानं घेतली आहे. तिच्या मागं पाण्याची टाकी जोडून ती दिवसभर माळावरच्या वाड्यावस्त्यांना फिरते.

मला खाली वाकून बघता येत नाही. मी ड्रायव्हरला बोलावलं आणि विचारलं, चासी कशी आहे? तो म्हणाला, "चासीला काय धाड भरलीय, अप्पा? लई कडक हाय."

मी त्याला चहा पाजला.

शेषेराव, मी धंद्यातला माणूस आहे. खोटा माल खपवणारे मी रोज बघितले. खरा माल खोटा म्हणणारा पहिल्यांदा बघतो आहे. त्याला कारण असेल. ते मला सांग.

गुरुपादप्पा


ता. देगलूर
९ मार्च १९८३

गुरप्पा,

चासी सरळ होती.

कारण सांगतो. महानंदा पहाटे नदीत जाते. वाळूत कोपरापर्यंत हात घालून उकरते. तळाला पाणी झिरपतं, ते वाटीनं घागरीत भरते. एक घागर भरायला सकाळ जाते. प्रत्येकीचा झिरा ठरलेला आहे. निघताना त्यावर बाभळीची फांदी ठेवतात. दुसरीचा झिरा कुणी उपसत नाही, सख्ख्या जावेचासुद्धा. वाळू कोरडी, जवळून ढोर गेलं तरी काठ ढासळतो. मागच्या महिन्यात कुणा कंत्राटदाराचा ट्रॅक्टर पात्रातून गेला. बाया रडल्या नाहीत. दिवसभर उकरत बसल्या.

तुला जो रस्ता दिसतो त्यातून आमचं घर पाणी पितं. आणि तुमच्या शेतापासून संगमापर्यंत हेच आहे, सगळ्या गावांत. त्यातून दोन म्हातारे मुरमुरे खात जीप घेऊन जाणार, त्यातला एक उंच पाठीला मान टेकून. मला ते दिसलं आणि माझं मन होईना. तुला तोंडावर नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून चासी वाकवली.

पावसाला थांब म्हणालास तेही मला आवडलं नव्हतं. तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितो.

शेठ लोकांनी मौज करावी. नदीत नको.

शेषेराव


लातूर
४ एप्रिल १९८३

शेषेराव,

अक्षर शिवकन्येचं आहे, शब्द माझे. डोळ्यांना ताण पडतो म्हणून लेकीकडून लिहवून घेतो आहे. ती शाळेतून येऊन दमलेली असते, तेव्हा थोडक्यात.

झिऱ्यांचं मला सुचलं नाही. पुलावरून ते दिसत नाहीत.

तू लिहिलंस ते खरं आहे. राग नाही. पावसाचं मी आता काही मागत नाही.

संगम सोडून दे. बिदर, मेदक सगळं सोडून दे. आमच्या शेतापासून काळ्या खडकापर्यंत, एवढंच. जिथं झिरे असतील तिथं काठावरून जाऊ. काठावरून जाता आलं नाही तर परत फिरू. ते आपल्याला येतं. खडकावर जरा वेळ बसायचं. जीप कुठलीही चालेल. पाटे कडक असले तरी चालेल. चासी वाकलेली असली तरी चालेल.

फक्त पाठ उंच बघ.

गुरुपादप्पा

(याखाली एक ओळ होती. ती शाईनं पुरती खोडलेली आहे.)


ता. देगलूर
८ मे १९८३

गुरप्पा,

रामराम. तुझ्या पत्राखाली शिवकन्येनं काहीतरी लिहून खोडलं आहे. पोरगी माझ्यावर चिडलेली दिसते. चिडू दे. मीही माझ्यावर चिडलो होतो. ते पत्र लिहून पोस्टात टाकलं आणि आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. शेठ म्हणालो ते मागं घेतो. बाकीचं घेत नाही.

जीप घेतली.

तुझ्या नव्या जिल्ह्याची कृपा. साहेब लोकांना नव्या गाड्या आल्या, जुन्या लिलावात निघाल्या. त्यातली एक उदगीरच्या एका माणसाकडं होती, त्याच्याकडून घेतली. तुझ्या हाताशी आहे त्यात बसते, त्याचं मागनं बघू. दारावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, ते कुणीतरी अर्धं खरवडून सोडून दिलंय. 'उस्मा' एवढंच राहिलं आहे. गॅरेजवाल्याला म्हणालो, पुसू नको, असू दे. चासी सरळ आहे. शपथ घेऊन सांगतो. पुढचा दांडा खरा आहे. पाट्यांची दोन-दोन पानं काढून टाकली, आता दणका कमी लागतो. ओझं कमी उचलेल, पण आपण दोघंच.

एक सांगायचं राहिलं: गाडी मिळून पंधरवडा झाला. सीटसाठी थांबलो होतो. भंगारात निघालेल्या एसटीची एक सीट मिळाली, पाठ उंच, डोकं टेकायला दांडी. ती डावीकडं बसवली. कमरेला एक पट्टा, छातीला एक. नदीत गाडी कलली तरी तू कलणार नाहीस. मी स्वतः बसून बघितलं. महानंदा म्हणाली, अगदी देव बसवल्यासारखे दिसता.

मागं पाण्याचे दोन पिंप ठेवतो. जिथं थांबू तिथं एकेका बाईच्या घागरीत ओतू. तेवढं तरी.

आता हूड शिवायला दिलाय, देगलूरच्या गॅरेजवर गाडी उभी आहे. शेजारच्या अडत दुकानावर फोन आहे, नंबर वीरण्णाला माहीत आहे. निघायचं तुझं ठरलं की फोन कर. लांबण लावू नको, ट्रंक कॉलला पैसे पडतात. नुसतं म्हण, बसायचं आहे. मी निघालो समज.

बसायची तयारी ठेव.

शेषेराव


ता. देगलूर
२ जून १९८३

चि. शिवकन्या,

तेराव्याला... तुमच्यात ते नसतं हे विसरलो. आलो नाही, रागावू नका. तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. वीरण्णानं तुझ्या आईला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी हॉर्न का वाजवला ते तुम्हाला कळलं पाहिजे म्हणून लिहितो.

त्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर हूडाच्या गुंड्या लावून घेत होतो. अडत दुकानातला माणूस धावत आला. म्हणाला, लातूरहून वीरण्णांचा फोन होता, लाईन लई खराब होती, "अप्पांना बसवायचंय म्हणले, जीप घेऊन लगेच निघा म्हणले." वीरण्णानं आधी आणखी काही सांगितलं असणार. त्या माणसाला एवढंच ऐकू आलं. तो लिंगायत नाही. मीही नाही, पण मला कळायला पाहिजे होतं. मी तुझ्या आजीला खांदा दिला आहे. तुमच्यात बसवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि तुझ्या अप्पांनी मला ते पत्रात लिहूनही पाठवलं होतं. पण मीच त्यांना सांगितलं होतं की नुसतं बसायचं म्हण. मला वाटलं, निरोप आला.

मी त्या माणसाला मिठी मारली.

पिंप भरले. उदगीरला थांबलो आणि मुरमुरे, फुटाणे घेतले. मुरमुरे ताजे नव्हते म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. तेवढा वेळ तुम्ही सगळे तिकडं खोळंबला होतात. रस्त्यात मी एकटाच बोलत होतो. चप्पल कुणाची होती यावर खडकापर्यंत कसं भांडायचं ते ठरवत होतो.

तुमच्या गल्लीत शिरताना दारासमोर माणसं बसलेली दिसली. मला वाटलं, शेठनं निरोप द्यायला गाव गोळा केलंय. म्हणून हॉर्न वाजवला. दोनदा. आणि आतून ओरडलो, बसलास का रे?

मग भजन ऐकू आलं.

ते भिंतीला टेकून बसलेले होते. कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, छातीवरून कापड बांधून खुंटीला अडकवलेलं. मी ओळखलं नाही. नोव्हेंबरापासून मी ज्या माणसाला पत्रं लिहीत होतो तो याच्या दुप्पट होता. तुझी आई म्हणाली, "या भाऊजी. तुमचीच वाट बघून राहिलो." तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाकीचं तू पाहिलंस, पण तू मागच्या ट्रकात होतीस, म्हणून सांगतो. वीरण्णा म्हणाला, विमान खांद्यावर न्यायला माणसं नाहीत, शेताकडच्या गावातले सगळे हमीच्या कामावर लांब गेलेत. ट्रक वाळूत उतरत नाही. समाध्या नदीपलीकडच्या शेतात. म्हणून तुम्हाला फोन केला. मी विमानाकडं बघितलं आणि जीपकडं बघितलं. म्हणालो, बसवून न्यायचं तर हिच्यात बसवा. विधीला आलेले स्वामी आधी नाही म्हणाले. मग त्यांनी सीट बघितली, आणि हो म्हणाले.

कमरेचा पट्टा पुरला. छातीचा सैल पडला, त्याला मी गाठ मारली. डोकं दांडीला टेकलं. मान कलली नाही.

नदीच्या काठावर मी गाडी थांबवली. वीरण्णा मागून म्हणाला, काय झालं, काका? खाली वाळूत बाभळीच्या फांद्या दिसत होत्या, जागोजाग. मी म्हणालो, झिरे आहेत. तो म्हणाला, आता? मी इंजिन चालूच ठेवलं. पुढंही जाईना, मागंही येईना. तेव्हा खालून एक म्हातारी वर आली, गुणाबाई नाव सांगितलं. तिनं आधी तुझ्या अप्पांकडं बघितलं, हात जोडले, मग माझ्याकडं बघितलं.

"आप्पाची गाडी हाय न्हवं? मंग थांबलाव कामून?"

मी म्हणालो, बाई, तुमचे झिरे मोडतील.

"माझ्या मागं मागं या की. झिरा आला की हात करते."

आणि ती पुढं चालायला लागली. अनवाणी. एक हात वर, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. पुढची चाकं जोडली आणि पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागं गेलो. बाया आपापल्या झिऱ्यापाशी उठून उभ्या राहिल्या. काही ठिकाणी चाक आणि झिरा यांत हातभर अंतर होतं. एकही मोडला नाही. पलीकडं पोचल्यावर मी खाली उतरलो आणि तिला म्हणालो, तुमचे उपकार. ती म्हणाली, "उपकार कशाचे? इचारलं की वाट गावते."

मी कुणाला विचारलं नव्हतं. महानंदा माझ्या घरात आहे, तिलासुद्धा.

समाधीचा खड्डा पहारीनं फोडत नेला होता. तळाशी ओल लागली होती. बायांनी येऊन वाकून बघितली.

पिंपातलं पाणी मी येताना त्यांच्या घागरींत ओतलं. वाळू खडकाच्या दिशेनं मोकळी पडली होती, त्या बाजूला एकही फांदी दिसत नव्हती. तरी मी गाडी घराकडं वळवली.

ते आजारी होते हे मला ठाऊक नव्हतं. सोलापूरचं काम कसलं होतं ते मला आता कळतं. उंच पाठ कशाला, मागं झोपायचं कशाला, सगळं समोर लिहिलेलं होतं आणि मी त्यावर विनोद केले. ती हिरवी जीप जानेवारीत घेतली असती तर ते स्वतःच्या मानेनं बसले असते.

चप्पल माझी होती. हे तुझ्या अप्पांना मी कधी बोललो नाही.

गाडी तुमची आहे. वीरण्णानं सांगितलं तर आणून उभी करतो. सीट काढून देईन, ती कुणाच्या उपयोगाची नाही.

शेषेराव


लातूर
१९ जून १९८३

शेषेराव काकांना,

शरणार्थ. आईनं सांगितलं म्हणून लिहिते, आणि मलाही लिहायचं होतं.

हॉर्नचं कुणाच्या मनात नाही. दादा म्हणाला, त्या दिवशी घरात तेवढाच एक आवाज असा होता की जो अप्पांना आवडला असता.

तुम्हाला कळवायचं नाही अशी अप्पांची ताकीद होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं. मी म्हणाले, काकांना सांगितलं तर ते उद्या जीप घेऊन येतील. ते म्हणाले, येईल, पण मग तो आजारी माणसाला फिरवायला येईल. मला त्याच्याशी भांडत जायचं आहे. एप्रिलच्या पत्राखाली मी माझ्या मनानं एक ओळ लिहिली होती. काका, दिवस थोडे आहेत, अशी. सही करायला कागद हातात घेतला तेव्हा त्यांनी ती पाहिली आणि माझ्यासमोर खोडायला लावली. शाई पुन्हा पुन्हा फिरवायला लावली.

तुमचं मे महिन्याचं पत्र आलं तेव्हा त्यांना बोललेलं कळत होतं. मी उशाशी बसून वाचलं. सीटचं वाचताना त्यांनी हातानं थांबवलं आणि ते परत वाचायला सांगितलं. कमरेला एक पट्टा, छातीला एक. मग शेवटची ओळ वाचली, बसायची तयारी ठेव. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग हसले आणि म्हणाले, "शेष्याला कळलं म्हण."

मी पत्राची घडी घातली. ते म्हणाले, "कसं पण लिहिलंय. तोच असं लिहिणार." आईनं माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघींना ठाऊक होतं की तुम्हाला काहीच माहीत नाही, तुम्ही खरोखरच खडकावर जायचं म्हणून लिहिलं आहे. ते मग शांत झोपले. उठल्यावर दादाला म्हणाले, शेषेरावला फोन कर, बसायचं आहे म्हण. दादा उद्या करतो म्हणाला, कारण त्यांना उठवून बसवणंही होत नव्हतं. पहाटे गेले. दादानं सकाळी फोन केला तो त्यांचाच निरोप होता. एक अक्षर वाढलं, एवढंच.

तुम्हाला ठाऊक नव्हतं असं तुम्ही लिहिलंत. अप्पांना वाटलं, ठाऊक आहे. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

काल मांजरा आली. गढूळ, कमरेइतकी. बाभळीच्या फांद्या वाहून गेल्या असं गुणाबाई सांगत होत्या. त्यांनी तुमची चौकशी केली.

जीप तुमच्याकडंच राहू द्या. पुढच्या उन्हाळ्यात नदी परत आटेल. सीट काढू नका.

शिवकन्या